कबरीवरचा अडलेला शब्द

लिकिया देशातल्या डोंगरकड्यात कोरलेली जुनी राजकबर इराणी सुभेदार बगपाताला स्वतःसाठी हवी होती. दारावर लेख कोरलेला होता: ‘परक्याने इथे अंग टाकलं, तर देव त्याला...’ पुढचा शब्द कुणालाच लागत नव्हता.

“‘सुखात ठेवतील’ असंच वाच, नाहीतर मुंडकं उडवीन!” सुभेदार गरजला.

म्हाताऱ्या दुभाष्या मिझूने सुस्कारा सोडला. जुने शब्द लावता लावता त्याचे डोळे अधू झाले होते आणि प्रत्येक सुभेदार आपला अर्थ घरूनच घेऊन यायचा.

“वाचतो, सरकार. फक्त आपण घटकाभर आत आडवं व्हावं. सुखरूप उठलात, की तोच अर्थ खरा.”

सुभेदाराने अंधाऱ्या दाराकडे पाहिलं आणि घोडा मागवला.

मिझू उंबऱ्याला टेकला. “पुढचा सुभेदार येईपर्यंत तरी डोळा लागू दे रे देवा,” तो पुटपुटला.