शेंदराखालचे वीर

त्या राज्यातली शेवटची लढाई होऊन इतकी वर्षं लोटली होती, की ती कुणाशी झाली याबद्दलही आता एकमत नव्हतं. खिंडीच्या तोंडाशी एकवीस दगड मात्र उभे होते. लढाईत पडलेल्या प्रत्येकाचा एक दगड, आणि त्यावर पाथरवटाने कोरलेली त्याची आकृती. हे दगड जतन करायला प्राण्यांनी एक मंडळ स्थापलं होतं. मोर त्याचा अध्यक्ष होता आणि सुतारपक्षी चिटणीस.

मंडळाचं काम चोख होतं. दर वर्षी लढाईच्या दिवशी प्रत्येक दगडाला तेलात कालवलेल्या शेंदराचा जाड हात दिला जाई. जुना थर खरवडणं म्हणजे वीरांचा अपमान, म्हणून नवा त्याच्यावरच बसे. होता होता दगड गरगरीत झाले आणि आकृत्या आत बुडाल्या. त्यामुळे कुणाचं अडलं नाही, उलट सोयच झाली. सर्वांत उंच दगडाच्या फुगवट्यात मोराला तुरा दिसला, आणि ते त्याचे पणजोबा ठरले. शेजारच्या दगडात सांबराला शिंगं दिसली. असे एकवीसही दगडांना वारस मिळाले. ज्याचा दगड मोठा, तो सभेत पुढे बसू लागला.

एका वर्षी समारंभाच्या सकाळी एक म्हातारी गाढवी तिथे आली. तीन दिवस चालून तिचे पाय सुजले होते. तोंडातली हिरव्या गवताची पेंडी खाली ठेवून तिने चिटणिसाला विचारलं, "बाबा रे, यातला माझ्या भावाचा दगड कुठला? लढणाऱ्यांना पाणी वाहायचा तो. डावा कान अर्धा तुटका होता. एवढं गवत त्याच्यापुढे ठेवलं, की मी सुटले."

"आजी, इथे गाढव कुणीच नाही," सुतारपक्षी म्हणाला. "सगळे दगड ज्याचे त्याला लागलेत."

"मग त्याचा गेला कुठे?"

"गाढवाला गुळाची चव काय!" सांबर पुटपुटलं. "एवढा सोहळा समोर आहे, आणि हिला कान हवाय."

सुतारपक्षी मात्र दगडांकडे बघू लागला. इतकी वर्षं शेंदूर कालवला, पण आत कोण आहे हे विचारावं असं त्याला कधी वाटलं नव्हतं. आता तो प्रश्न त्याच्या डोक्यातून जाईना. मोराचं भाषण चालू होतं, शौर्य रक्तातच असावं लागतं वगैरे. तेवढ्या वेळात तो दगडांमागून एकेक टकटक करत फिरला. उंच दगडाचा आवाज पोकळ आला.

दुपार कलली होती. दिवसभराच्या उन्हाने शेंदूर मऊ पडला होता. "जरा बघू तरी," असं स्वतःशी म्हणत त्याने त्याच दगडाच्या एका भेगेत चोच घातली. सबंध कवच सुटलं आणि अध्यक्षांच्या पायाशी येऊन पडलं.

आतला दगड काळा आणि स्वच्छ होता. लांबट तोंड, पाठीवर पाण्याची पखाल, डावा कान अर्धाच. सुतारपक्ष्याला आनंद झाला आणि लगेच भीतीही वाटली. मोराचं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

"किती रे वाळलास," गाढवी म्हणाली. तिने त्या कानावरचा उरलासुरला शेंदूर चाटून काढला आणि गवत त्याच्यापुढे ठेवलं.

बाकीचे आधी चिटणिसाच्या चोचीकडे बघत होते. मग त्यांनी वर सूर्याकडे पाहिलं. सांबर मुकाट्याने उठलं आणि आपल्या पणजोबांच्या दगडाला आडवं उभं राहिलं. त्याच्यामागून रानडुक्कर उठलं, मग ससा. थोड्याच वेळात उरलेल्या वीसही दगडांशी कुणी ना कुणी उभं होतं, आपली सावली दगडावर पुरेपूर पडेल अशा बेताने.