हनुवटीवरचे तीन डाग

फार फार पूर्वीची गोष्ट. म्हणजे गावात वीज येऊन जुनी झाली होती, पण तिची रुसून जायची सवय काही सुटली नव्हती, तेव्हाची.

त्या गावात पिठाच्या गिरणीवर दोन बाया डबे घेऊन उभ्या होत्या. एक दुसरीच्या कानाशी लागून म्हणाली, “ऐकलंत का, रफूवालीनं म्हणे कुंभाराच्या आईच्या तोंडाला काळं...” तेवढ्यात गिरणीचा पट्टा फिरू लागला आणि पुढचं सगळं पिठाबरोबर उडालं.

अर्ध्या बातमीचे पाय पुऱ्या बातमीपेक्षा लांब. दिवे लागेपर्यंत गावभर झालं, की रफूवालीनं कुंभाराच्या आईच्या तोंडाला काळं फासलं. आता ती बिचारी जाऊन वर्ष होत आलेलं. गेलेल्या बाईच्या तोंडाला काळं कसं फासतात, हे मात्र कुणी विचारलं नाही. आपण विचारू या.

ही रफूवाली चाळिशी ओलांडलेली बाई. शालूला निखाऱ्यानं भोक पडलं, की ती त्याच शालूच्या आतल्या दुमडीतला धागा काढायची आणि भोक असं विणून टाकायची की धन्यालाही जागा सापडू नये. “कुठं जळलं होतं, सांगा बघू,” असं ती गिऱ्हाइकाला विचारायची. गिऱ्हाईक हरलं की हिची कळी खुलायची. पण पुढं लोक फाटकं सांधायचं सोडून फेकायला लागले. सुई रिकामी राहू लागली.

तिच्या शेजारी फोटोवाल्या काकांचं दुकान. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. एक दिवस ते म्हणाले, “वहिनी, तुमची नजर सुईच्या नेढ्यातून जाते. माझी आता दारातूनही जात नाही. फोटो दुरुस्त करायला शिकता का?”

“मला त्या कम्प्युटरमधलं काय कळतंय, काका?”

“फाटकं कळतं ना? मग झालं.”

ती शिकायला बसली. पहिल्या दिवशी माऊस असा काही दाबून धरला, की पडद्यावरचा बाण घाबरून कोपऱ्यात जाऊन बसला. काका म्हणाले, “उंदीर आहे तो, वहिनी, वरवंटा नव्हे. जरा चुचकारून घ्या.” पहिल्या आठवड्यात तिनं एका नवरदेवाला इतकं उजळलं, की पांढऱ्या भिंतीपुढं नुसता फेटा आणि मिशा उरल्या. काकांना हसून हसून ठसका लागला. “उजेड मिठासारखा घालावा,” ते म्हणाले. “चवीपुरता.”

मग तिला एक ब्रश सापडला. तो शेजारचा रंग उचलायचा आणि डागावर बसवायचा. शिवण दिसायची नाही. रफूवाली पडद्याकडं बघून हळूच म्हणाली, “अगं बाई, हे तर रफूच की.” त्या दिवसापासून तिचा हात असा चालला, की काकांना शिकवण्यासारखं फारसं उरलं नाही. डोळ्यांचं करून घ्यायला ते लेकीच्या गावी निघाले, तेव्हा एवढंच बजावून गेले, “मूळ फोटोला हात लावायचा नाही. आधी त्याची नक्कल काढायची. काय करायचं ते नकलेवर.”

दुसऱ्याच दिवशी कुंभार आला. हातात चौकट, चौकटीत आईचा फोटो. ओल लागून फोटोवर पांढरे चट्टे उठलेले, मधोमध घडी, सगळीकडं काळे ठिपके.

“परवा वर्षश्राद्ध आहे,” तो म्हणाला. “पाटावर मांडायला आईचा हा एवढाच फोटो. डाग तेवढे काढा, वहिनी.”

रफूवालीनं काचेसकट फोटो यंत्रात ठेवून कम्प्युटरवर उतरवून घेतला, ते एक बरं केलं. कारण नंतर काच काढायला गेली, तर कागद काचेला चिकटला आणि चेहऱ्याचे पापुद्रे निघाले. आता कुंभाराच्या आईचा चेहरा उरला, तो फक्त कम्प्युटरच्या पोटात.

आधी नक्कल काढायची होती. पण विद्या नवी असली की हाताला धीर नसतो. ती तशीच कामाला बसली. चट्टे गेले. घडी गेली. गालावरचा ठिपका गेला, कपाळावरचा गेला, हनुवटीवर तीन होते तेही गेले. हातासरशी सुरकुत्याही थोड्या गेल्या. मग तिनं सेव्ह केलं, कम्प्युटर बंद केला आणि कुंभाराला उद्या या म्हणून निरोप धाडला.

कुंभार आला तो मावशीला घेऊन. मावशी म्हणजे त्याच्या आईची धाकटी बहीण, श्राद्धासाठी आलेली. रफूवालीनं ऐटीत फोटो उघडला. “कुठं डाग होता, सांगा बघू.”

कुंभार पडद्याजवळ वाकला. “वहिनी, ही कोण?”

“कोण म्हणजे? तुमची आई.”

“आईसारखी आहे खरी. पण घरी न्यावी असं वाटत नाही.”

काय चुकलं, ते त्यालाही सांगता येईना. मावशी पुढं झाली. चष्मा वर-खाली करून तिनं पाहिलं आणि तिचं बोट आपसूक स्वतःच्या हनुवटीवर गेलं. तिथं तीन हिरवट-काळे ठिपके होते.

“हिचं गोंदण कुठं गेलं?” मावशी म्हणाली.

पुसलेले ते तीन ठिपके रफूवालीला आठवले. ‘फोटोत नव्हतंच’ असं म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? कागदाचे तर पापुद्रे झालेले. शब्द जिभेवर आला होता. पण मावशीचं बोट अजून हनुवटीवरच होतं. त्या बोटाकडं बघून खोटं बोलवेना.

“मी पुसलं,” ती म्हणाली. “हे म्हणाले डाग काढा. मला तो डाग वाटला.”

“डागच होता तो,” मावशी म्हणाली. “आमच्या आयशीकडं लेकींच्या अंगावर घालायला दागिना म्हणून सोन्याचा एक डाग नव्हता. तिनं जत्रेत गोंदणाऱ्या बाईपुढं बसवलं आम्हा दोघींना. म्हणाली, हा डाग कुणी मोडून खाणार नाही, आणि मेल्यावर कुणी काढूनही घेणार नाही.” तिनं पडद्याकडं बोट केलं. “तू काढलास.”

रफूवालीनं मागं घ्यायचं बटण दाबदाब दाबलं. पण एकदा बंद करून उघडलेल्या फोटोला मागचं काही आठवत नाही. ती डोळे पुसत म्हणाली, “मी परत बसवते, मावशी.”

“तुझ्या मनचे तीन ठिपके नकोत. तिचेच पाहिजेत.”

“तुमचं गोंदण त्याच सुईचं ना?”

“त्याच सुईचं. त्याच दिवशीचं.”

“मग दाराशी बसता का, उजेडाकडं तोंड करून? कुंभारभाऊ, आईच्या तोंडाला काळं लावायचंय, जरा उजेडातून सरका.”

दारावरून जाणाऱ्या कुणाच्या तरी कानावर नेमकं एवढंच पडलं.

तिनं मावशीच्या हनुवटीचा फोटो काढला. या खेपेला आधी नक्कल काढली. मग तीन ठिपके उचलून बहिणीच्या हनुवटीवर ठेवले. मावशी पडद्याला नाक लावून म्हणाली, “तिसरा वर घे. सुई टोचली तशी मी हलले, म्हणून माझा घसरला. ती हलली नाही.”

“एवढा?”

“आणखी केसभर.”

“आता?”

मागं उभ्या कुंभारानं पायातल्या वहाणा काढल्या, दाराबाहेर ठेवल्या आणि हात जोडले. मग कुणालाच काही विचारावं लागलं नाही.

सुरकुत्या मात्र परत आल्या नाहीत. रफूवाली त्याचीही माफी मागू लागली, तर मावशी म्हणाली, “असू दे. जन्मभर मातीत राबली. जरा तजेलदार दिसली तर कुणाचं काय जातंय?”

काका नवे डोळे घेऊन परतले, तर दुकानात दोन माणसं ताटकळलेली आणि रफूवाली तिसऱ्याला विचारतेय, “ही भुवईवरची खोक ठेवायची ना? कशानं पडली होती?” काका कुरकुरले, “वहिनी, फोटो दुरुस्त करताय का सोयरीक जुळवताय?” पण त्यांनी चहा मात्र सगळ्यांना सांगितला.

आणि ती गिरणीवरची बातमी? श्राद्धाला सगळा गाव गेला, अर्धा जेवायला आणि अर्धा बघायला. पाटावर फोटो होता, फोटोला हार होता. लोकांनी वाकून वाकून पाहिलं. कुंभाराच्या आईच्या तोंडाला रफूवालीनं काळं लावलं होतं, हे खरंच निघालं. तिळाएवढे तीन ठिपके. फासलं मात्र नव्हतं.

तात्पर्य: डाग पुसण्याआधी तो मळाचा की मोलाचा, हे ज्याचा त्याला विचारावं.