दगडाखाली बिळूची अंडी

खडकात होतं एक भोक. भोकात राहायचा बिळू.

बिळू म्हणजे बोटाएवढा मासा. डोळे मोठ्ठे. अंगावर खवलं एकही नाही. भोकात त्याची अंडी होती. बिळू शेपटी हलवून त्यांना ताजं पाणी घालायचा. फुर्र फुर्र, फुर्र फुर्र.

ओहोटी लागली. बिळू शेवाळ खायला गेला.

तेवढ्यात चांगुणामावशी आली, खडकावरच्या शिंपल्यांतली कालवं फोडायला. बसायला तिने दगड घेतला. ठेवला नेमका भोकावर! वर बसली ऐसपैस. कोयती वाजली टक् टक्.

बिळू आला. घर बंद!

"मावशी, मावशी, ऊठ ना! माझी अंडी गुदमरतात!"

"टोपली भरल्याबिगर कशी उठू रे बाबा? माझी पोरं उपाशी हायत."

बिळू निघाला. टुणुक टुणुक, या डबक्यातून त्या डबक्यात.

"खेकडेदादा, मावशीला चिमटा काढ. मावशी उठेना, माझी अंडी गुदमरतात!"

"अंग सुकलंय माझं. लाट भिजवेल तेव्हा काढीन."

टुणुक टुणुक.

"लाटेताई, खेकड्याला भिजव. खेकडा चिमटा काढेना, मावशी उठेना, माझी अंडी गुदमरतात!"

"दर्या फुगेल तेव्हा येईन."

टुणुक टुणुक. बिळू दमला.

"दर्याबाबा, फुगा ना! लाट येईना, खेकडा चिमटा काढेना, मावशी उठेना, माझी अंडी गुदमरतात!"

"चांदोबा ओढेल तेव्हा फुगेन."

दिवसाढवळ्या आभाळात फिकट चांदोबा होता. बिळूने मान वर केली.

"चांदोबा, ओढा ना! दर्या फुगेना, लाट येईना, खेकडा चिमटा काढेना, मावशी उठेना, माझी अंडी गुदमरतात!"

आणि बिळू रडला. खूप खूप रडला.

चांदोबाला फार वाईट वाटलं. पण घाई त्याला जमतच नाही. तो आला हळू... हळू... वर.

चांदोबाने ओढलं. दर्या फुगला. लाट आली धप्प! खेकडा भिजला. त्याने काढला चिमटा.

"अगं आई गं!" मावशी टुणकन उठली. तिने दगड उचलला. खाली वाकून बघितलं.

"इथं घर हुतं व्हय तुझं? चुकलं रे माझं, लेकरा."

बिळू आत शिरला. सुळ्ळकन!

थोडी अंडी चमकत होती. त्यांत इवले इवले डोळे हलत होते.

बाकीची पांढरी पडली होती. ती आता उठणार नव्हती.

बिळूने शेपटी हलवली. फुर्र फुर्र, फुर्र फुर्र. चमकत्या अंड्यांना पाणी घातलं.

आणि पांढऱ्या अंड्यांनाही घातलं.