पानावर आडवा हात

एक जंगल होतं. जंगल म्हटलं की वाघ आला, आणि वाघ म्हटलं की त्याचं कोणाशी तरी युद्ध आलंच. सध्या ते नदीपलीकडच्या लांडग्यांशी चालू होतं. वाघमहाराजांच्या बाजूने अस्वलं, गवे, रानडुकरं आणि टेकडीवरची साळिंदरं होती. त्यांना दोस्त राष्ट्रं म्हणत.

दोस्त किती पक्के आहेत ते बघायला महाराजांनी ऐन युद्धात दुपारची पंगत घातली. टेकडीतर्फे टोकाजी साळिंदर आला. त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. नदी पायी ओलांडायचा उतार नेमका टेकडीच्या पायथ्याशी होता आणि लांडगे येणार ते तिथूनच. वर त्याची बायको, चार पोरं आणि साठ बिऱ्हाडं होती. राखणीला चाळीस शिपाई मागून न्यायचे होते.

"आधी जेवण होऊ द्या," तरस प्रधान त्याला पानावर बसवत म्हणाला. "मग महाराजांच्या कानावर घालू."

रताळ्याचा शिरा आला. टोकाजीने चव ओळखली. शिपायांसाठी म्हणून टेकडीने पोरांच्या तोंडचा घास काढून पाठवलेली रताळी होती ती. गरजवंत माणूस काय बोलणार, साळिंदर तर नाहीच. तो मुकाट्याने जेवला.

महाराज उभे राहिले. "मित्रांनो, निष्ठा ही बोलून दाखवायची गोष्ट नाही," असं म्हणून ते पाऊण तास निष्ठेवर बोलले. शेवटी फर्मान निघालं. जो पानावर आडवा हात धरील, त्याचा महाराजांच्या देण्यावर भरवसा नाही असं समजण्यात येईल. 'पुरे' हा शब्द युद्ध संपेपर्यंत शत्रूचा.

वाढपी पळू लागले.

"अस्वलराव, आणखी?"

"वाढा. आमची दोस्ती पोटातून आहे."

गव्याने शिऱ्याबरोबर द्रोणही खाल्ला आणि हे आपलं परराष्ट्र धोरण असल्याचं सांगितलं. रानडुक्कर "एक जंगल, एक पंगत" अशी घोषणा देता देता उचकीला लागलं. उचकीलाही टाळ्या पडल्या.

तेवढ्यात टिटवी आली. "महाराज, लांडगे उतार ओलांडतायत."

टोकाजी उठायला लागला. प्रधानाने त्याला खांद्याला धरून बसवलं. "शेवटचं पान होईपर्यंत पंगत उठत नाही. रीत आहे आपली."

"माझी पोरं आहेत हो तिथे."

"पोरं सगळ्यांनाच आहेत. जेवतायत ना सगळे? वाढा रे यांना."

टोकाजीला रडू कोसळलं. त्याने दोन्ही हात पानावर आडवे धरले. "पुरे," तो म्हणाला.

डावातला गरम शिरा त्याच्या हातांवर पडला. प्रधानाने त्याचं पान उचलून नेलं.

लांडगे मात्र टेकडी चढलेच नव्हते. शिऱ्याचा वास आला तसे ते सरळ इकडेच आले. त्यांचा नायक दात विचकत पुढे झाला, पाहतो तर टोकाजीच्या जागी नवं पान मांडलेलं. तो बसला. वाढप्याने सवयीने वाढलं.

"आणखी?"

"वाढ."

हे सात वेळा झालं. महाराजांचे डोळे भरून आले. "सात वाढपं, आणि एकदाही हात आडवा नाही," ते म्हणाले. "असा मित्र मी आयुष्यात पाहिला नाही."

प्रधानाने लगेच जाहीर केलं, की लांडगे मुळातले आपलेच होते, मधल्या काळात नदीमुळे थोडा गैरसमज झाला होता.

"अहो, हे सकाळचेच लांडगे," टोकाजी अस्वलाला म्हणाला.

"होते," अस्वल ढेकर देत म्हणालं. "आता आपल्या पंगतीला बसलेत."

युद्ध म्हटलं की शत्रू लागतोच. ती जागा रिकामी झाली होती, ती टेकडीला देण्यात आली. शेवटचं पान झालं, पंगत उठली, आणि टेकडीच्या बंदोबस्ताला शिपाई निघाले. टोकाजीने मागितले होते तेवढेच, मोजून चाळीस. दात जुनेच होते. गळ्यातली उपरणी तेवढी नवी, महाराजांच्या रंगाची.