हात उचलायचा न्हाई

कासारखडी नावाच्या एका गावात केरबा नावाचा एक भोळा गडी होता. अंगानं आडदांड, मनानं लोणी. सांगितलेलं काम तो करायचा. सांगितलं तेवढंच करायचा, आणि सांगितलं तसंच करायचा. आईनं, हौसाबाईनं, एकदा सांगितलं, "केरबा, दाराकडं बघ जरा." हौसाबाई बाजारातून परत येईपर्यंत केरबा दाराकडं बघत बसला. चोर खिडकीतून आला. केरबानं मान वळवली नाही.

बेंदराला, बैलांच्या सणाच्या दिवशी, हौसाबाई त्याला वेशीपाशी म्हणाली, "मी नारळ घेऊन येते. हितंच उभा ऱ्हा. हलू नगंस." ती गेली आणि मिरवणुकीतला एक बैल उधळला. माणसं गटारात पडली, माळवदावर चढली. केरबा मात्र उभा. बैल आला, केरबाच्या पोटावर आपटला आणि खाली बसला.

गर्दीत शहरातल्या चिंचबन तालमीचे दिलावर वस्ताद होते. चिंचबनचा फुटबॉलचा संघ ते चालवत. पगारी खेळाडू आणत, त्यांना राबवत. पण समोरून चाल करून येणाऱ्याला अडवणारा माणूस काही त्यांना मिळेना. बसलेल्या बैलाकडं त्यांनी पाहिलं, उभ्या केरबाकडं पाहिलं.

"पोरा, फुटबॉल खेळतोस?"

"आईला इचारतो. पर ती येस्तवर हलायचं न्हाई."

वस्ताद हौसाबाईची वाट बघत थांबले. तसा केरबा चिंचबनचा झाला.

पहिलाच सामना माळवेस मंडळाशी. माळवेसचा पुढचा गडी लवंग्या. अंगानं काडी, पण जीभ लवंगी मिरची. तो बोलायचा, समोरचा चिडायचा, हात उचलायचा, पंच त्याला लाल कार्ड दाखवून बाहेर काढायचे आणि मोकळ्या जागेतून लवंग्या गोल करायचा. त्याचा धंदाच तो.

लवंग्या केरबाजवळ आला.

"ए रेड्या!"

"रेडा न्हाई, केरबा."

"तुझ्या तोंडाला शेण लागलंय शेण!"

केरबानं बाहीनं तोंड पुसलं, बाही बघितली. "न्हाई की."

"तुझी आई म्हस हाय!"

केरबानं विचार केला. माणूस परका, त्याला नीट समजावून सांगायला हवं. "न्हाई. आमची म्हस येगळी. तिचं नाव चंद्री. ती बांधलेली असती. आई मोकळी असती."

लवंग्याच्या तोंडाचा आ झाला. चेंडू शेजारून गेला तरी त्याला कळलं नाही. चिंचबन जिंकलं.

सामना झाल्यावर चिंचबनचा गोलकीपर उत्तम केरबाला म्हणाला, "येड्या, त्यो तुझ्या आईवरनं बोलला! आईचं नाव जो घेईल, त्याच्या कानाखाली वाजवायची असती."

"नाव घेईल त्याच्या?"

"हां."

"कुणीबी असू दे?"

"कुणीबी!"

"बरं. ध्यानात ठेवतो."

आणि केरबानं ते ध्यानात ठेवलं. तिथंच घोटाळा झाला.

पुढच्या रविवारी चिंचबनच्या पेठेनं केरबाचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, फेटा. पाहुणे म्हणून जाधवराव वकील. पुढच्या रांगेत हौसाबाई, नवं लुगडं नेसून. वकील बोलायला उभे राहिले. ते म्हणाले, "धन्य ती माउली, जिच्या पोटी असा पुत्र जन्मला! धन्य त्या हौसाबाई..."

सट्ट!

वकिलांचा फेटा उडाला तो थेट हौसाबाईच्या ओटीत पडला. केरबानं उत्तमकडं बघून मान हलवली. झालं का बरोबर? उत्तम खुर्चीखाली गेला होता.

दिलावर वस्तादांनी कपाळावर हात मारला. "केरबा, काय केलंस हे! कोण काय बी बोलू दे, हात उचलायचा न्हाई. ह्या कानानं ऐकायचं, त्या कानानं सोडून द्यायचं. वर हसायचं. बत्तीशी दिसली पायजे!"

"बरं वस्ताद. ध्यानात ठेवतो."

चार दिवसांनी उत्तमचा आजा वारला. सगळा संघ त्याच्या घरी गेला. उत्तमनं केरबाच्या गळ्यात हात टाकले आणि हंबरडा फोडला, "केरबा, आजा गेला रं माझा!"

केरबानं ह्या कानानं ऐकलं. मग मान वळवून दुसरा कान दाराकडं केला, म्हणजे सोडलेलं बाहेर जाईल, घरात साचणार नाही. आणि हसला. बत्तीशी दाखवून हसला.

उत्तमची आत्या कडाडली, "हसतोस काय मुडद्या?"

हेही बोलणंच की. केरबानं तेही सोडून दिलं आणि आणखी हसला. मग घरातल्या चौघांनी मिळून केरबालाच दाराबाहेर सोडून दिलं.

वस्तादांनी पुन्हा कपाळावर हात मारला. "आरं, गडी रडत आसंल तर त्याच्याजवळ बसावं. पाठीवरनं हात फिरवावा. 'देवाची मर्जी' म्हणावं. आपण बी चार टिपं गाळावीत!"

"बरं वस्ताद. ध्यानात ठेवतो."

पुढच्या सामन्यात समोरच्या संघाचा एक पोरगा चिंचबनच्या गोलापुढं येऊन आपोआप पडला. कुणी त्याला शिवलंही नव्हतं. गुडघा धरून तो गडाबडा लोळायला लागला, "आई गं! मेलो गं!"

केरबा त्याच्याजवळ बसला. पाठीवरून हात फिरवला. "देवाची मर्जी, पावण्या," म्हणाला, आणि भोकाड पसरलं. चार टिपं सांगितली होती, पण उत्तमच्या आजाच्या वेळची राहिलेलीही त्यानं त्यातच गाळली.

पंच धावत आले. लोळणारा गप्प झाला होता, केरबा रडत होता. पंच म्हणाले, "ह्यानंच पाडलंय. नाहीतर एवढा पश्चात्ताप कशाला होईल?" आणि पेनल्टी दिली. कसाबसा बरोबरीवर जीव वाचला.

वस्तादांचं कपाळ आता लाल झालं होतं. "केरबा, त्यो सोंग करत व्हता! मैदानात कोण रडू दे, पडू दे, शिव्या देऊ दे, तू काय बी करायचं न्हाई. हात पाठीमागं धरायचं आन् ताठ उभं ऱ्हायचं. कुणी साहेबानं इचारलं तरच बोलायचं. जे झालं ते जसंच्या तसं सांगायचं. एक अक्षर कमी न्हाई, एक अक्षर जादा न्हाई."

"बरं वस्ताद. ध्यानात ठेवतो."

उपांत्य सामना पुन्हा माळवेसशी आला. चिंचबननं अंतिम सामना बघून एक पिढी उलटली होती. पेठेतल्या म्हाताऱ्यांनी मारुतीला नवस बोलले होते. तिकडं लवंग्यानंही तयारी केली होती. आरशासमोर उभा राहून नव्या शिव्या पाठ केल्या होत्या.

केरबा हात पाठीमागं धरून ताठ उभा राहिला. लवंग्या चेंडू घेऊन यायचा, केरबाच्या छातीवर आपटायचा, चेंडू उत्तमकडं जायचा. आणि लवंग्या बोलायचा. पोटावरून बोलला, अकलेवरून बोलला. केरबा ऐकत होता. म्हशीचं तर त्यानं आधीच समजावून सांगितलं होतं, तरी ह्याचं आपलं तेच.

मग लवंग्या त्याच्या कानाशी आला. "तुझं थोबाड बघून तुझा बाप घर सोडून गेला."

हे मात्र केरबाला कळलं. कारण त्याचा बाप खरंच गेला होता, केरबा पाळण्यात असताना. पाठीमागचे हात सुटायला बघत होते. त्यानं एका हातानं दुसरा घट्ट धरला. हात धरून ठेवायला जोर लागतो, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पण हलला नाही. सामना संपत आला. लवंग्याला गोल होईना, आणि गॅलरीतली पोरं ओरडायला लागली, "लवंग्या, मिरची विझली का रं?" लवंग्याचं डोकं फिरलं. त्यानं धावत येऊन केरबाच्या नाकावर ठोसा मारला. नाकातून रक्ताची धार लागली. केरबा ताठच. पंचांनी लवंग्याला लाल कार्ड दाखवलं आणि चिंचबन अंतिम सामन्यात गेलं.

घरी केरबानं विचारलं, "आई, बा माझं थोबाड बघून गेला व्हय?"

हौसाबाई हळद लावता लावता थांबली. "न्हाई रं बाळा. त्याला रातांधळं व्हतं, आन् दिवसा त्यो घरी नसायचा. त्यानं तुझं थोबाड बघितलंच न्हाई."

"मग बरं," केरबा म्हणाला आणि झोपला. हौसाबाई मात्र बराच वेळ जागी होती.

माळवेसनं तक्रार केली. सामने भरवणाऱ्या मंडळानं सगळ्यांना बोलावलं. अध्यक्ष दादासाहेब इंगवले मधल्या खुर्चीत. पोट मोठं, मान त्याहून मोठा. शेजारी वही घेऊन चिटणीस. केरबानं लवंग्याला चिथावलं असं ठरलं, तर अंतिम सामन्यात केरबा नाही. वस्तादांनी केरबाला दाराशीच बजावलं होतं, "साहेबानं इचारल्याबिगर तोंड उघडू नगंस."

लवंग्या हात जोडून म्हणाला, "साहेब, चूक माझी न्हाई. मला ह्यानं चिडवलं."

"काय बोलला हा?"

"काईच न्हाई बोलला! साहेब, मी एवढ्या कष्टानं शिव्या दिल्या, आन् गडी चिडंना. ह्यो केवढा अपमान! डोस्कं फिरलं, हात उठला. मी बी माणूसच हाय."

दादासाहेब उभे राहिले. भाषण आलं की ते उभे राहत. "शब्दानं कधी कुणाचं नाक फुटलंय? आम्हीही खेळलो. लोक आम्हाला काय काय म्हणाले! आम्ही हात उचलला? नाही उचलला! समोरचा काय वाटेल ते बोलू दे. शब्दासाठी जो हात उचलेल, तो कुणीही असो, त्याला यंदाच्या वर्षी मैदानावर पाय ठेवू द्यायचा नाही. चिटणीस, लिहा!"

चिटणीसांनी लिहिलं. वस्तादांनी सुस्कारा सोडला. सगळं नीट झालं होतं. पण दादासाहेबांना काम पक्कं करायची सवय.

"आता नोंदीसाठी. केरबा, हा तुला काय बोलला? अगदी जसंच्या तसं सांग."

केरबा उठला. साहेबानंच विचारलं होतं. "जसंच्या तसं?"

"जसंच्या तसं. असं समज, तू लवंग्या आणि मी केरबा."

वस्तादांनी मागून सदरा ओढला. सदरा फाटला, केरबा गेला. हात पाठीमागं धरून दादासाहेबांच्या तोंडापाशी तोंड नेलं.

"ए ढेरपोट्या!"

दादासाहेब चिटणीसांना म्हणाले, "लिहा, लिहा."

"खेळायची अक्कल न्हाई, फुकटची जागा अडवून बसलाय! समदं गाव तुला हसतंय, आन् तुला वाटतंय टाळ्या वाजवत्यात!"

एक सभासद खोकला. दुसऱ्यानं रुमाल तोंडात धरला. दादासाहेबांच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या.

"तुझी आई म्हस..."

सट्ट!

दादासाहेबांनी आपल्या हाताकडं पाहिलं. हात अजून वरच होता.

लवंग्याचा चेहरा उजळला. "साहेब, तुमचा बी उठला की!"

चिटणीसांनी हळूच विचारलं, "साहेब, निकालात नावं किती घालू? एक का दोन?"

दादासाहेबांनी घाम पुसला. "एकच. आमची गोष्ट वेगळी. आम्हाला चिथावलं."

"मग मला?" लवंग्या म्हणाला.

"तू खेळाडू आहेस. बस खाली."

बाहेर आल्यावर केरबा गाल चोळत म्हणाला, "वस्ताद, साहेब मैदानावर पाय ठेवू द्यायचा न्हाई म्हणलं, त्यो कायदा कुणाकुणाला?"

वस्तादांना घाईनं तिथून निघायचं होतं. "साहेब म्हणले नव्हं, कुणीबी असो! समद्यांना सारखा. चल आता."

"बरं वस्ताद. ध्यानात ठेवतो."

अंतिम सामन्याला मैदान फुलून गेलं. झाडांवर माणसं, भिंतींवर माणसं. दोन्ही संघ रांगेत उभे राहिले. दादासाहेब खेळाडूंशी हात मिळवायला निघाले. पांढरी टोपी, गळ्यात झेंडूचा हार. चुन्याच्या रेघेपाशी आले आणि त्यांनी मैदानात टाकायला पाऊल उचललं.

केरबानं ते पाऊल बघितलं. तो रांगेतून सुटला आणि पाऊल टेकायच्या आत दादासाहेबांना उचलून खांद्यावर घेतलं. पायताणं रेघेबाहेर राहिली.

गॅलरी उभी राहिली. वस्ताद कपाळ शोधत होते. पंचांनी घाबरून जोरात शिट्टी फुंकली. शिट्टी झाली म्हणजे सामना सुरू, एवढं केरबाला ठाऊक होतं. तो धावत आपल्या जागेवर, गोलापुढं, जाऊन ताठ उभा राहिला. खांद्यावर दादासाहेब.

दादासाहेब वरून ओरडले, "गाढवा! अध्यक्षावर हात उचलतोस?"

"हात कुठं उचललाय साहेब? म्या तर तुम्हांस्नी उचललंय."

"खाली ठेव! आधी मला खाली ठेव!"

केरबानं त्यांना नीट सावरून घेतलं, पाय जमिनीला लागू नयेत म्हणून आणखी थोडं वर सरकवलं, आणि समजूत घालत म्हणाला, "ठेवतो की साहेब. यंदाचं वरीस तेवढं सरू द्या."