शास्त्र हस्तगत!

चंद्रकेतू राजानं दवंडी पिटवली: "यापुढे बारा वर्षं पाठशाळेत चौर्यशास्त्र शिकल्याशिवाय कुणालाही पहाऱ्यावर घेतलं जाणार नाही!" सल्ला होता पाठशाळेच्या आचार्य विद्यानिधींचा. त्यांनी जन्मात चोर पाहिला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकायच्या, दुसरं काय!

पंचाईत झाली भिवराची. तिचा बाप वेशीवरचा पहारेकरी. तो आता थकला होता आणि त्याचा दंडुका तिला हवा होता. लहानपणापासून त्याच्याबरोबर वेशीवर उभी राहिलेली पोर ती, नुसत्या चालीवरून माणूस ओळखायची. पण पाटीला कधी हात लागला नव्हता. ती तडक दरबारात गेली.

"महाराज, बारा वर्षं मी पोथ्या घोकायच्या, तोवर वेस काय मांजरीनं राखायची?"

दरबार खुसखुसला. राजा चिडला.

"एवढी शहाणी आहेस ना? मग दिवस मावळायच्या आत सगळं शास्त्र हस्तगत करून ये! नाहीतर दंडुका विसर!"

"हस्तगतच ना, महाराज?"

"हो, हस्तगत!"

शेजारी बसलेले आचार्य पोट धरधरून हसले.

दिवस कलला आणि भिवरा परत आली. डोक्यावर हे भलं मोठं गाठोडं! ते तिनं सिंहासनापुढे धपकन टाकलं नि गाठ सोडली. आत आचार्यांची धोतरं आणि धोतरांत चौर्यशास्त्राची पोथी, अठराच्या अठरा अध्याय!

"घ्या महाराज, केलं हस्तगत!"

"चोर! चोर!" आचार्य ताडकन उठले. "पाठशाळेच्या दारात माझे दोन पदवीधर पहाऱ्यावर असताना तू बाहेर आलीसच कशी?"

"चालत! आचार्यांचं धुणं न्यायला आले म्हणून आत गेले. बाहेर पडताना दोघं अठरा लक्षणं ताडून बघायला लागले. चोर घाई करतो, चोर तोंड लपवतो, चोर नजर चुकवतो... मी आपली त्यांच्याकडे टकाटका बघत उभी! शेवटी म्हटलं, 'दादा, धुणं लई जड आहे, जरा हात लावा की!' बिचाऱ्यांनी दोघांनी मिळून उचलून दिलं."

राजाला हसू आवरेना. "म्हणजे शास्त्र खोटं म्हणतेस?"

"छे हो! खोटं कशाला? अपुरं आहे. एकोणिसावं लक्षण मी सांगते, आचार्यांनी लिहून घ्यावं. मला लिहिता येत नाही."

"शाब्बास! दंडुका तुझा! आणि आठवड्यातून एक दिवस पाठशाळेत तू शिकवायचंस!"

"पण महाराज," आचार्य कळवळले, "हिच्याकडे पदवी कुठाय?"

राजा खदखदून हसला. "अहो, तुमच्याच पदवीधरांनी अख्खं शास्त्र उचलून तिच्या डोक्यावर ठेवलं की! आणखी कसली पदवी हवी?"