बोर्डावरचा अडकित्ता

“...पण मग हे विमान टिकलं कशामुळे, चाचा?”

तेजल गव्हाणेने तिसऱ्यांदा विचारलं. हातात अहवालाची वही होती, पण पेनाचं टोपण अजून निघालं नव्हतं.

नबीलाल शिकलगार स्टुलावर बसून फडक्याने पाना पुसत होते. हवाई दलातून निवृत्त झाल्यावरही ते आठवड्यातून दोनदा माळावरच्या या हँगरमध्ये शिकवायला येत. लहानथोर सगळे त्यांना चाचा म्हणत.

“तूच सांग की. शिकून आलीयस.”

तेजलला सांगता येत होतंच. गेली दोन वर्षं तिने या एका लढाऊ विमानाखेरीज दुसरं काही वाचलं नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी ते आलं तेव्हा त्याला एकच काम होतं, उंच जाऊन शत्रूचं विमान अडवायचं. मग त्याच्या पंखांखाली बॉम्ब आले. मग पोटाखाली कॅमेरा आला. मग समुद्रावरची गस्त आली. पंधरा वर्षांत मोडीत निघायचं होतं ते अजून उडत होतं. आज तीन वाजता तिने बसवलेलं, लांबचं लक्ष्य हेरणारं यंत्र घेऊन ते पहिल्यांदा उडणार होतं.

“पंख दणकट आहे,” ती म्हणाली. “वाढतं वजन पेलतो.”

चाचा पाना पुसत राहिले.

“आणि बनवणाऱ्यांनी आत मोकळी जागा ठेवली होती. नवं काही ना काही बसवता येतं.”

“मोकळी जागा...” चाचा म्हणाले. “ती आहे खरी.”

तेजलचा हात खिशाकडे गेला.

सकाळी तिच्या खिशात एक आरसा होता. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा, लांब दांडीचा. हँगरमधला आरसा डागाळलेला, म्हणून तिने घरचा आणला होता. नऊ वाजता विमानाच्या पोटात डोकं घालून तिने त्यातून वायरी तपासल्या. साडेअकराला खिसा रिकामा होता.

टेबल पाहून झालं. कँटीन पाहून झालं. गाडीच्या सीटखाली हात घालून झाला.

आता दीड वाजला होता. विमान उडायला तयार असल्याचा, तिच्या सहीचा कागद वहीत होता.

“काय मॅडम, जायचं ना वर?”

स्क्वाड्रन लीडर बारटक्के शिरस्त्राण काखेत मारून आत आले. विमान तेच उडवणार होते.

“घरी भरली वांगी आहेत. म्हणजे परत यायचं पक्कं करूनच निघालोय.”

“सही... करतेच आहे.”

ते शीळ घालत विमानाभोवती फेरी मारायला गेले.

“बोर्ड पाहिलास?” चाचांनी विचारलं.

समोरच्या पांढऱ्या बोर्डावर प्रत्येक हत्याराच्या मागे त्याच आकाराची लाल आकृती रंगवलेली होती. हत्यार जागेवर नसलं की लाल दिसायचं. बोर्डावर कुठेही लाल दिसलं तर विमान हँगरबाहेर जात नसे.

“भरलाय.”

“पूर्ण?”

“पूर्ण.”

ते खोटं नव्हतं. घरून आणलेल्या आरशाला बोर्डावर जागाच नव्हती. तो गेल्याचं कुणालाही कळणार नव्हतं...

चाचा उठले. बोर्डाच्या कोपऱ्यात, पान्यांच्या रांगेशेवटी, एक अडकित्ता, एक कंगवा आणि एक चमचा टांगलेले होते. त्यांच्याही मागे लाल आकृत्या होत्या. पहिल्या दिवशी तेजल त्यांना हसली होती. “हे काय, रुखवत मांडलंय का?” सगळं हँगर खदखदलं होतं. एकटे चाचा हसले नव्हते.

त्यांनी अडकित्ता काढून तिच्या हातात दिला.

बोर्डावर लाल डाग उघडा पडला.

अडकित्ता जड होता. त्याचा एक दांडा चेपून वाकला होता.

“कुणाचा हा?”

“माझा.”

“कधीचा?”

“पहिल्यांदा बॉम्ब बसवले, त्या वर्षीचा.”

तेजलने कंगव्याकडे पाहिलं.

“तो कॅमेऱ्याच्या वेळचा. चमचा समुद्रावरच्या गस्तीच्या.”

“आणि हा विमानाच्या आत सापडला कसा?”

“मी सांगितलं म्हणून.”

“लगेच?”

चाचांनी बोर्डावरच्या लाल डागाकडे पाहिलं.

“एक उड्डाण झाल्यावर...”

तिने वाकलेल्या दांड्यावरून बोट फिरवलं. पंखांच्या झडपा हलवणारे लोखंडी दांडे तिला पाठ होते. त्यातल्या कोणत्या दोहोंच्या मध्ये अडकल्यावर एवढी चेप बसेल, तेही तिला कळलं.

“उडवणारा?”

“आला परत. मी सुपारी सोडली.”

बाहेर बारटक्क्यांची शीळ ऐकू येत होती.

“चाचा, आता बोर्ड भरलेला नाही.”

“परत टांग. भरेल.”

ते पुन्हा स्टुलावर बसले आणि पुसलेलाच पाना पुसू लागले.

तेजल बोर्डापुढे उभी राहिली. खिळा हातभर अंतरावर होता. उड्डाण पाहायला दिल्लीचे पाहुणे अडीचला येणार होते. दोन वर्षं...

ती वळली. अडकित्ता मुठीत तसाच धरून ती नोंदवहीपाशी गेली आणि लाल शाईने लिहिलं: विमान थांबवले. आत माझा आरसा राहिला असावा. आरसा नोंदवलेला नव्हता. खाली सही केली. अक्षर वाकडं आलं.

बारटक्क्यांनी ते दोनदा वाचलं. शिरस्त्राण टेबलावर ठेवलं.

“चला, वांगी गरम मिळतील,” ते म्हणाले. पण शीळ घातली नाही.

पोटाखालचे चार पत्रे उघडावे लागले. पाहुणे चहा घेऊन परत गेले. तिचे वरिष्ठ साहेब तिच्याकडे न पाहताच पाहुण्यांच्या गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आरसा सापडला. झडपांच्या त्याच दांड्यांच्या सांध्यापासून वीतभर अंतरावर तो उताणा पडला होता.

चाचांची त्या दिवशी पाळी नव्हती, तरी ते आले होते. तेजलने आरसा त्यांच्यापुढे धरला.

“अहवाल आजच द्यायचाय, चाचा. विमान टिकलं कशामुळे... काय लिहू?”

चाचांनी स्टुलाखालून लाल रंगाचा डबा काढला. झाकण उचकटलं. ब्रश तिच्या हातात दिला.

“आधी बोर्डावर याची जागा रंगव.”